पॉलिसीत चूल नसते

"साहेब कधी येणार?"

माझी कामाची सगळी वर्षं हा प्रश्न ऐकण्यात गेली. मी दारात उभी, खांद्याला कॅमेरा, हातात टेप आणि बॅग, आणि घरमालक माझ्या डोक्यावरून मागं रस्त्याकडं बघत साहेबांची वाट पाहतायत. मीच साहेब, असं सांगितलं की गृहस्थ आत तोंड करून ओरडत, "चहा टाका गं, बाई आल्यात!" म्हणजे साहेब आला असता तर चौकशी झाली असती, बाई आली म्हणून चहा. मी तक्रार केली नाही. स्वयंपाकघराच्या जवळ बसायला मिळालं की अर्धा सर्व्हे तिथंच होतो.

आता निवृत्त झाले आहे, सांगलीतच असते. मी विम्याची सर्व्हेयर होते. म्हणजे कंपनीची नोकर नव्हे आणि गिऱ्हाइकाची वकीलही नव्हे. कुणाचं घर जळलं, बुडालं, फोडलं, की कंपनी मला धाडायची. काय गेलं, त्यातलं पॉलिसीत काय बसतं, आणि जे गेलं त्याची आजची किंमत काय, हे बघून मी अहवाल द्यायचा. पैसे द्यायचे की नाही ते कंपनी ठरवणार. त्यामुळे गिऱ्हाइकाला मी कंपनीची हेर वाटायचे आणि कंपनीला गिऱ्हाइकाची मावशी.

आमच्या भागात घराचा विमा म्हटलं की माणसं निर्धास्त होतात, आणि तिथंच फसतात. कृष्णेचं पाणी उतरलं की चिखलातून लोक बँकेचा कागद घेऊन यायचे. "मॅडम, घराचा विमा हाय की!" असायचाच. पण तो भिंतींचा. कर्ज देताना बँक आपल्या कर्जापुरत्या भिंती सांभाळते. तुमचं कपाट, गाद्या, फ्रीज, लेकीचं शिलाई मशीन यांच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्या सामानाचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो. घर कशाला म्हणायचं आणि सामान कशाला, असं कुणी विचारलं तर मी सांगायचे, घर विकून जाताना जे मागं सोडाल ते घर, आणि जे टेम्पोत भराल ते सामान. एवढं सांगूनही एका साताऱ्याच्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, "आणि सासूबाई?"

सामानाचा विमा घेतला तरी सगळंच त्यात येतं असंही नाही. रोख पैसे बहुतेक पॉलिसींत येत नाहीत. सोनंनाणं आधी सांगून, किंमत लिहून घेतलं असेल तरच. आणि चोरी म्हणजे घरफोडी, असं लिहिलेलं असेल तर घर खरोखर फोडलेलं दिसलं पाहिजे. म्हसवडच्या एका दुकानदाराचा टीव्ही दुपारी उघड्या दारातून उचलून नेला. मी विचारलं, "कुलूप तुटलं का?" ते म्हणाले, "कुलूप कशाला लावू? सिद्धनाथाच्या गावात दार उघडंच असतंय." मी नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, थोडा विचार केला आणि विचारलं, "मग आता फोडलं तर चालंल का?"

पण मला लिहायचंय ते आष्ट्याजवळच्या एका गावातल्या आगीबद्दल.

घर सुभेदार हणमंतरावांचं. तोफखान्यातून निवृत्त झालेले, मिश्यांना अजून परेडची सवय. पॉलिसी त्यांच्या नावाची, भिंती आणि सामान दोन्हींची. असा शहाणपणा केलेला माणूस मला क्वचित भेटायचा. घराच्या पुढच्या भागात ते आणि त्यांची पत्नी शालनताई. मागच्या दोन खोल्यांत धाकटा भाऊ दिनकर आणि त्याची बायको सुनंदा. दिनकर उसाची शेती बघायचा. दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

आगीच्या दिवशी दुपारी घरचे सगळे लग्नाला कडेगावला गेले होते. भाऊ जातोय म्हणून सुभेदार गेले नव्हते. मागच्या खोलीत फ्रीजच्या प्लगपाशी ठिणगी उडाली आणि आग लागली. अबोला धरलेल्या भावाच्या दाराला सुभेदारांनी लाथ घातली, आत शिरले आणि पेटत्या खोलीतून गॅसचा सिलिंडर ओढत बाहेर काढला. तो फुटला असता तर शेजारची घरंही गेली असती. साखर कारखान्याचा बंब येईपर्यंत मागचा भाग मात्र जळून गेला होता.

वऱ्हाडी परतले तेव्हा अंगणात गाव जमलेलं. सुनंदा मटकन खाली बसली. तेव्हा सुभेदारांनी सगळ्यांच्या देखत, हाताला पट्टी बांधलेली असताना, जाहीर केलं, "रडायचं काम न्हाई. माझा विमा हाय. भावाचा एक चमचासुदिक जाऊ देणार न्हाई. जो बोल दिया सो बोल दिया!" गावानं टाळ्या वाजवल्या म्हणे. हे मला नंतर गावातल्याच लोकांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले. नेहमीप्रमाणे "साहेब कधी येणार" झालं. मग मला ओसरीवर बसवलं आणि एक विलक्षण दृश्य सुरू झालं. दोघे भाऊ एकाच सोफ्यावर, खांद्याला खांदा लावून, फोटो काढायला बसल्यासारखे.

"आमचं एकत्र कुटुंब हाय, मॅडम," सुभेदार म्हणाले.

"एकच ताट, एकच वाटी," दिनकर म्हणाला.

"एवढं बारीक सांगायची गरज नाही," मी म्हटलं.

"सुनंदा, चहा टाक गं मॅडमना!" शालनताईंनी आज्ञा दिली. अशी आज्ञा देऊन त्यांना बरीच वर्षं झाली असावीत. आवाजातला आनंद लपत नव्हता.

सुनंदा आत गेली. मी बसले होते तिथून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. तिनं एक डबा उघडला, तुरीची डाळ. दुसरा, शाबू. तिसऱ्यात शेंगदाण्याचं कूट. चौथा उघडायच्या आधी तिनं देवाचं नाव घेतलं असावं, पण त्यात मीठ निघालं. गॅसचं बटण तिनं उलट्या बाजूला फिरवलं. ज्या स्वयंपाकघरात ही बाई रोज सगळ्या कुटुंबाचा स्वयंपाक करते असं मला सांगण्यात येत होतं, तिथं तिला साखर सापडत नव्हती. आणि हे उसाच्या पट्ट्यात! शेवटी शालनताई उठल्या, आत गेल्या आणि फडताळाच्या कोपऱ्यातला डबा तिच्या हातात आदळला.

मी चहा घेतला आणि म्हटलं, "चला, जळलेला भाग बघू."

मागच्या पहिल्या खोलीत गाद्या, कपाट, कपडे, सगळ्याचा कोळसा. दुसऱ्या खोलीत फ्रीज, मिक्सर, गॅसची शेगडी, मांडणी. डोळे बांधून विचारलं असतं तरी कुणीही स्वयंपाकघरच म्हटलं असतं.

"हे काय?" मी विचारलं.

सुभेदार आणि दिनकर एकमेकांकडं बघू लागले. "ते… पाव्हण्यांसाठी," दिनकर म्हणाला.

"पाहुण्यांसाठी वेगळं स्वयंपाकघर?"

"आमच्यात लय पाव्हणं येत्यात," सुभेदार म्हणाले.

"आणि ते येऊन स्वतः स्वयंपाक करतात?"

"हां. तशीच रीत हाय आमच्यात."

मी फ्रीजचा फोटो काढत राहिले. आमच्या कामात गप्प बसणं हे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे.

बाहेर परड्यात काजळी धरलेल्या भांड्यांचा ढीग पडला होता. स्टीलची भांडी जळत नाहीत, घासली की निघतात, म्हणून ती नुकसानीत धरायची नाहीत, हे मी सांगितलं. तेव्हा एकोप्याचा भाग म्हणून दोन्ही जावा मांडीला मांडी लावून भांडी घासायला बसल्या. मी फोटो काढत होते. काजळी निघाली तशी भांड्यांवर कोरलेली नावं दिसायला लागली.

"हे पातेलं माझं हाय," शालनताई हळूच म्हणाल्या. "माझ्या मामानं दिलेलं. नाव बघ."

"तुमीच दिलं व्हतं, आक्का. बारशाला."

"वापरायला दिलं व्हतं. ठेवून घ्यायला न्हाई."

"मग माझी परात कुठं हाय? ती कवा देताय?"

"अगं, मॅडम हायत!"

"असू द्यात की! मॅडमबी बाईच हायत, त्यास्नी काय भांडी ठाऊक न्हाईत व्हय?"

सोफ्यावरचं एकत्र कुटुंब परड्यात येऊन तीन मिनिटं टिकलं नाही. दिनकर धावत आला. "सुनंदा, गप बस! त्या पाव्हण्यांच्या सैपाकघरातल्या भांड्यांपायी…"

सुनंदानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. हात काजळीनं काळे, कपाळावरही एक काळा पट्टा.

"पाव्हण्यांचं न्हाई," ती म्हणाली. "माझं हाय ते सैपाकघर. मॅडम, लिहा तुमी. माझी चूल येगळी हाय. म्हशीचं दूध डेअरीला घालून एकेक वस्तू घेतली मी. फ्रीज माझा, मिक्सर माझा. ह्या घरात आले तवा मिठाच्या डब्याची किल्लीसुदिक माझ्याजवळ नव्हती. भांडून येगळी झाले. आज पैशापायी म्हणायचं व्हय, की तिथं कुणी रांधतच नव्हतं म्हणून?"

"तुला कुणी इचारलं व्हतं?" दिनकर ओरडला.

"कुणी इचारलं न्हाई, म्हणूनच सांगतेय."

मी विचारलं, "पण हे सगळं लपवायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

सांगितलं होतं पॉलिसी विकणाऱ्या एजंटानं. चूल एक दाखवा, नाहीतर क्लेम गेला, असं तो फोनवर बजावून मोकळा झाला होता. मी बॅगेतून पॉलिसी काढली आणि वाचून दाखवली. विमाधारकाचं सामान आणि त्याच्यासोबत कायम राहणाऱ्या कुटुंबीयांचं सामान, असं त्यात लिहिलं होतं. अख्ख्या पॉलिसीत चूल हा शब्द नव्हता. ताट नव्हतं, वाटी नव्हती. सोफ्यावरचं सगळं नाटक फुकट गेलं होतं.

"मला एवढंच हवंय," मी सुभेदारांना म्हटलं, "दिनकरराव तुमचे भाऊ, आणि ते या घरात तुमच्यासोबत राहतात, असं तुम्ही लिहून द्यायचं. खरं असेल तर."

सुभेदारांचा चेहरा उजळला. "एवढंच व्हय! आत्ता देतो." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

तोफांनी त्यांचे कान अधू केले होते, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. त्यांच्या वकिलांचा आवाज परडंभर घुमला. "सुभेदार, ती विम्याची बाई आलीय म्हणे! भाऊ सोबत राहतो असं एक अक्षर लिहून देऊ नका! कोर्टात आपण काय म्हटलंय? केव्हाच विभक्त झालो! घर तुमच्या पगाराचं, भावाला दोन खोल्या माणुसकीनं दिल्यात! आणि आता सोबत राहतो म्हणालात तर त्यांचा वकील म्हणेल, एकत्र कुटुंब! निम्मं घर जाईल, निम्मं!"

सुभेदार फोन कानाला लावून "हळू बोला, हळू बोला" म्हणत होते. फोन स्पीकरवर असताना तो कानाला लावून उपयोग नसतो.

तेव्हा मला सगळा घोळ कळला. या घराच्या वाटणीचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू होता. दिनकर कोर्टात शपथेवर सांगत होता की आम्ही एकत्र आहोत, म्हणून निम्मं घर माझं. आणि घरी चूल वेगळी मांडून बसला होता. सुभेदार शपथेवर सांगत होते की आम्ही विभक्त आहोत; आणि काल गावासमोर भावाचा चमचा भरून देण्याचं वचन देऊन बसले होते. कोर्टात एक आणि अंगणात दुसरं, आणि दोन्हीकडे अगदी मनापासून.

मी सांगितलं, "सुभेदार, घाई नाही. वकिलांना विचारून कळवा. नाही दिलंत तरी तुमच्या स्वतःच्या भिंतींचं नुकसान मिळेल. फक्त दिनकररावांचं सामान धरता येणार नाही."

खरं तर त्यांना सुटायला वाट मिळाली होती. सुनंदानंच "येगळी" म्हटलं होतं. तिच्यावर ढकलून ते मोकळे झाले असते, गावानंही दोष तिलाच दिला असता. शालनताईंनी तसं सुचवूनही बघितलं. "तीच म्हणतीया येगळं, मग तुमी कशापायी…"

सुभेदार परड्यात फेऱ्या मारू लागले. दिनकर खाली मान घालून उभा होता. भावानं लिहून दिलं तर दाव्यात आपली बाजू वर येते हे त्याला कळत होतं, आणि ते कळतंय हे त्याला झाकता येत नव्हतं. सुनंदा पुन्हा पातेलं घासायला लागली.

शेवटी सुभेदार तिच्यासमोर थांबले. थोरला दीर भावजयीशी सहसा असा समोर येऊन बोलत नाही. आणि ह्यांचं तर कैक वर्षांत बोलणं नव्हतं.

"सुनंदा, सिलिंडर बाहेर काढताना तुझा मिक्सर दिसला मला," ते म्हणाले. "दोन हात हायत, काय करणार. त्योबी आणला असता."

"असू द्या, आण्णा," ती मान वर न करता म्हणाली. "हात भाजलाय तुमचा. बर्नॉल लावा."

सुभेदार माझ्याकडं वळले. "लिहा मॅडम. चूल येगळी हाय. भाऊ माझा हाय. माझ्या घरात माझ्याबरोबर ऱ्हातो. कुठं सही करू?"

"वकिलांना विचारायचंय ना?"

"वकील व्हता का काल आगीत?"

त्यांनी सही केली, डाव्या हातानं, कारण उजव्याला पट्टी होती.

मी अहवालात जसं घडलं तसं लिहिलं. पुण्याच्या कार्यालयातून एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, सेपरेट किचन म्हणजे सेपरेट फॅमिली ना?" मी विचारलं, "तुम्ही कुठं राहता?" तो म्हणाला, "आईवडिलांच्या घरी." "जेवता कुठं?" "बाहेरून मागवतो रोज." "मग तुमचं कुटुंब कुठलं, ते हॉटेल?" तो म्हणाला, "वरिष्ठांशी बोलतो."

वरिष्ठांनी मान्य केलं, पण विमा कंपनी मान्य करते म्हणजे कात्री घेऊनच मान्य करते. फ्रीज जुना म्हणून त्याची किंमत कमी धरली. सुनंदानं मला विचारलं, "जुना असला तरी नवाच घ्यावा लागंल न्हवं? का जुन्या फ्रीजचं दुकान असतंय?" नव्याची किंमत देणाऱ्या पॉलिसीही असतात, पण ही तशी नव्हती. तांदळाच्या डब्यात तिनं दुधाचे पैसे लपवले होते ते जळले, आणि रोख रक्कम पॉलिसीत नव्हतीच. ते ऐकून ती नवऱ्याकडं बघत म्हणाली, "कुठले पैसे? माझ्याजवळ कुठलं आलं पैसे!" आणि दिनकर "कुठल्या डब्यात?" असं विचारत राहिला. मांडणी, कपाटं, गाद्या, मिक्सर, कपडे यांचं मिळालं. मागच्या खोलीला लागून असलेल्या शेडमधली दिनकरची मोटारसायकल गेली ती गेलीच. वाहनाचा विमा वेगळा, आणि त्यानं तो संपू दिला होता.

काही दिवसांनी दिनकर माझ्याकडं सांगलीला आला. सुभेदारांनी सही केलेल्या जबाबाची नक्कल पाहिजे म्हणाला. कशाला, ते सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "कागद कंपनीचा, मागणी कंपनीकडं करा." तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

"मागू का न्हाई, मॅडम?"

"तुमचे वकील काय म्हणतात?"

"त्ये म्हणत्यात, सोन्यासारखा कागद हाय. पण सुनंदा म्हणतीया, त्यो कागद कोर्टात दावलासा, तर तिसरी चूल मांडीन. माझी एकटीची."

"मग?"

"मग काय! मला सैपाक येत न्हाई." तो पाणी पिऊन गेला. मागणी केली नाही.

त्यानंतर वर्षभरानं एका कामासाठी मी तालुक्याच्या कोर्टाजवळून जात होते. चहाच्या टपरीसमोर एक जुनी स्कूटर येऊन थांबली. पुढं सुभेदार, मागं दिनकर, आणि दिनकरच्या मांडीवर दोन जाड फायली. मला बघून दोघेही उतरले. मला वाटलं, दावा मिटला असणार, कागदपत्रं सोडवायला आले असतील. तसं विचारलंही.

"मिटतोय कशाला!" सुभेदार म्हणाले. "आज उलटतपासणी हाय माझी. ह्येचा वकील घेणार हाय."

"आणि एकाच गाडीवर आलात?"

"ह्येची गाडी जळली न्हवं! यष्टीनं आला असता तर उशीर झाला असता, मग पुढची तारीख." त्यांनी दिनकरच्या हातातल्या फायलींपैकी एक काढून घेतली, उघडून बघितली आणि परत त्याच्या हातात दिली. "ही तुझी हाय रं. माझी दे."